निगेटिव्ह माणसाला गोळी कशाला?

१७ मे

नवी रोजनिशी सुरू. जुनीत सगळं डायलिसिसचं रडगाणं होतं, ती माळ्यावर टाकली. नवी वही, नवी किडनी.

किडनी यामिनीची, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींची. जानेवारीत बसवली. सांगलीची मुलगी, लग्न करून इंदूरला आली, शाळेत गणित शिकवते, आणि वेळ आली तेव्हा काही न बोलता टेबलावर आडवी झाली. मी तिचा आभारी आहे. तसं तिला एकदा सांगितलंही आहे.

क्रिएटिनिन १.२. किडनी नीट चालली की हा आकडा खाली राहतो. डॉ. मधुरिमा म्हणाल्या, वा, मस्त. मी म्हणालो, खानदानी रक्त आहे, पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते. त्या म्हणाल्या, क्रेडिट तर यामिनीजींना जातं, मालोजीजी. डॉक्टर हुशार आहेत, इतिहास कच्चा आहे.

संकल्प: कॉलनीच्या स्वच्छता समितीचं अध्यक्षपद पुन्हा हातात घ्यायचं. आजारपणात शेजारच्या देवेंद्रला कामचलाऊ अध्यक्ष केलं होतं. त्याच्या राज्यात लोक ओल्या कचऱ्यात आइस्क्रीमचे कप टाकायला लागले. यंदा पंधरा ऑगस्टचा झेंडा माझ्याच हातून चढणार.

२० मे

पलासियाला डॉक्टरांकडे. आज एक अभिमानाची गोष्ट कळली.

सीएमव्ही नावाचा एक विषाणू असतो. डॉक्टर म्हणाल्या, आपल्या देशात बहुतेक सगळ्यांना तो लहानपणीच होऊन जातो आणि मग जन्मभर अंगात झोपून राहतो. ऑपरेशनच्या आधी दोघांचं रक्त तपासलं होतं. यामिनी पॉझिटिव्ह. मी निगेटिव्ह! डॉक्टर म्हणाल्या, तुमच्यासारखे लोक आपल्याकडे क्वचित सापडतात.

पुढे त्या गुलाबी गोळीबद्दल बराच वेळ काहीतरी बोलल्या. मी तेव्हा ‘क्वचित’ या शब्दावर थांबलेलो होतो.

घरी येताना विचार करत होतो. शहर देशात सर्वांत स्वच्छ, आणि त्या शहरात माझं रक्त असं. हा योगायोग असू शकत नाही.

२३ मे

रोज सकाळी यामिनी माझ्या तळहातावर गोळ्या ठेवते. किडनी शरीराने नाकारू नये म्हणून काही, बीपीची एक, आणि ती लांबट गुलाबी, विषाणूविरोधी. ती सहा महिने घ्यायची म्हणे.

आज चहा घेताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. विषाणू यामिनीच्या अंगात. गोळी मात्र मला! जिच्याकडे माल आहे तिला काहीच नाही, आणि ज्याच्याकडे नाही तो रोज औषध गिळतोय. डॉक्टरांनी नवरा-बायकोच्या फायली उलट्यापालट्या केल्या हे उघड आहे. होतं असं. आमच्या विमा कंपनीतही एकदा म्हशीचा क्लेम ट्रॅक्टरला गेला होता.

डॉक्टरांना सांगावं का? बाईंना ओशाळं वाटेल. मनुष्याने मोठं मन ठेवावं. मी गुपचूप बंद करतो.

२४ मे

गुलाबी गोळी बंद. बाकीच्या गिळल्या, ही बोटांच्या बेचक्यात धरली. यामिनी पाठमोरी झाली की खिशात.

कुठे टाकायची हा प्रश्न होता. औषध ओल्या कचऱ्यात जात नाही, सुक्यात जात नाही. ‘घरगुती घातक’च्या डब्यात टाकली. नियम म्हणजे नियम.

८ जून

प्रकृती उत्तम. भूक उत्तम. गोळी सोडल्यापासून जास्तच हलकं वाटतंय, म्हणजे निदान बरोबर होतं.

समितीची सूत्रं हाती घेतली. देवेंद्र म्हणाला, भिया, आपका ही था, आप ही सम्हालो. चेहऱ्यावर इतका आनंद की मला संशय आला. तो हार्डवेअरचं दुकान चालवतो, त्याला पदाची किंमत काय कळणार.

त्याच्याकडे पोहे होते. बाहेरचं आणि उघड्यावरचं मला वर्षभर मना आहे. पण त्याच्या बायकोने घरी केलेले होते, म्हणजे ते बाहेरचे नाहीत, फक्त दुसऱ्या घरातले. शिवाय वर भुरभुरलेला जिरावन मसाला जास्त झालाय का, असं तिने विचारलं. चाखल्याशिवाय मत देणं बरं दिसत नाही. तीन वेळा चाखलं.

१९ जून

सकाळी समितीचा राउंड. दहा घरांचे डबे उघडून पाहिले. बी-ब्लॉकमध्ये एकाने सुक्या कचऱ्यात ओली टी-बॅग टाकली होती. त्याला दारात उभं करून समजावलं. तो म्हणाला, अंकलजी, आपको तो इन्फेक्शन से बचना चाहिए, कचरे में हाथ क्यों डाल रहे हो? मी म्हणालो, मैं निगेटिव हूँ. त्याने दार लावून घेतलं.

हातात ग्लोव्हज होते. डाव्या हातात.

३० जून

पोट किंचित नरम. सकाळपासून पाच वेळा.

पोह्यांचा संबंध नाही, ते जुने झाले. शिवाय पोह्यांबद्दल यामिनीला माहीत नाही, त्यामुळे ते कारण धरता येत नाही.

पाणी! टाकी! आजच टाकी धुऊन घेतली. आरओवाल्याला बोलावून फिल्टर बदलला. तो म्हणाला, फिल्टर तो नया ही था साहब. मी म्हणालो, तरीही बदल.

४ जुलै

भूक कमी झाली आहे. यामिनी म्हणते, अहो, तुम्ही ताटात अन्न टाकताय. मी सांगितलं की हा संयम आहे. एकेकाळी ज्या माणसाने जिलेबीसाठी बड्या गणपतीच्या देवळापर्यंत पायपीट केली, तो आज अर्ध्या पोळीवर उठतो. साधनेशिवाय हे होत नाही.

वजन उतरलं. पोट आत गेलं. दुपारी घरात कोणी नसताना लग्नातला सूट काढून घातला. बसला! आरशात बराच वेळ उभा होतो. नंतर धावत बाथरूममध्ये जावं लागलं आणि सूटची बटणं वेळेवर निघेनात. पुढचं लिहीत नाही. सूट ड्रायक्लीनिंगला दिला.

६ जुलै

पाणी स्वच्छ, टाकी स्वच्छ, तरी पोट तसंच. म्हणजे रोग हातांवाटे येतोय. घरात बाहेरचे हात कोणाचे? भांडी घासायला येणाऱ्या कमलबाईंचे.

सकाळी त्यांना बेसिनपाशी उभं केलं आणि साबण कसा लावायचा ते दाखवलं. बोटांच्या मधे, नखांच्या खाली, मनगटापर्यंत. मग म्हटलं, आता तुम्ही करून दाखवा. त्यांनी केलं. मी म्हणालो, परत. त्यांनी परत केलं. तिसऱ्यांदा म्हटल्यावर त्यांनी हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, साबजी, म्हारा हाथ तो घिस गया, अब आप ही माँज लो बरतन. आणि गेल्या.

यामिनी शाळेतून आली आणि कपाळाला हात लावून बसली. मग उठून भांडी घासायला घेतली. मी मदत केली असती, पण पुन्हा जावं लागलं.

९ जुलै

अंगात कणकण. थर्मामीटर शंभर दाखवतो. थर्मामीटर खिडकीपाशी ठेवलेला असतो, तापला असेल.

रोगाचा उगम शोधणं चालू. पद्धतशीर विचार केला. पाणी गेलं, कमलबाई गेल्या. मग घरात उरलं कोण? आमची लेक अनुष्का दिवसभर सीएच्या क्लासला, रात्री दार लावून अभ्यास. तिची आणि माझी गाठ पडतेच कुठे!

मग उरली यामिनी.

आणि एकदम आठवलं. पॉझिटिव्ह! डॉक्टरांनी स्वतः सांगितलं होतं. विषाणूची बाई माझ्याच शेजारी झोपते, माझ्याच ताटात वाढते, आणि मी आरओ बदलत बसलोय.

वाईट वाटलं. पण शास्त्र म्हणजे शास्त्र.

१० जुलै

घराची फेरआखणी. यामिनीचं अंथरूण अनुष्काच्या खोलीत. तिचा टॉवेल वेगळा, पेला वेगळा. समितीकडे लाल स्टिकर उरले होते, ते तिच्या भांड्यांना लावले. जेवताना ती टेबलाच्या त्या टोकाला, मी या टोकाला, मधे वरणाचं भांडं.

मी अत्यंत सौम्य शब्दांत समजावलं. म्हणालो, हे तुझ्याविरुद्ध नाही, तुझ्या विषाणूविरुद्ध आहे.

ती आधी हसली. इतकी हसली की ऑपरेशनच्या बाजूला हात दाबून धरावा लागला. मग म्हणाली, अहो, मला लांब ठेवताय ते ठीक, पण माझी किडनी कुठे ठेवणार? तिला पण स्टिकर लावणार का?

मी म्हणालो, भावनेच्या भरात जाऊ नकोस. ती अवयव आहे, ती माझ्या रक्तात धुऊन निघाली.

मग ती हसायची थांबली. गोळ्या टेबलावर ठेवून आत गेली. आता गोळ्या माझ्या मीच उचलतो, त्यामुळे गुलाबी गोळीचं काम सोपं झालं. प्रत्येक व्यवस्थेचे असे छोटे फायदे असतात.

१३ जुलै

अनुष्का बोलत नाही. शेजारच्या खोलीतून व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: पप्पा तुम्हाला थोडी तरी शरम आहे का, मम्मीने तुम्हाला किडनी दिली आणि तुम्ही तिला स्टिकर देऊन राहिले. मी अंगठा पाठवला. तरुण पिढीशी वाद घालू नये.

देवेंद्रनेही विचारलं, भिया, भाभीजी आजकल ओटले पे अकेली चाय क्यों पीती हैं? त्याला सगळं शास्त्र सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, वो तो ठीक है भिया, पर एक बार डॉक्टर मैडम से पूछ तो लो. मला लोखंडी खिळ्यांबद्दल शंका असती तर मी त्याचं ऐकलं असतं.

यामिनी माझ्यासाठी मऊ भात आणि ताक करते, टेबलावर ठेवते आणि लांब उभी राहते. मी ताटाच्या कडा सॅनिटायझरने पुसतो. ती बघत असते. तिने बघू नये असं वाटतं.

१६ जुलै

उद्या डॉक्टरांकडे जायचं आहे. गेलो तर पोटाचा विषय निघेल, विषय निघाला तर भरती करतील, भरती केलं तर झेंडा देवेंद्र चढवेल.

यामिनीला सांगितलं, डॉक्टर कसल्या तरी परिषदेला गेल्यात, अपॉइंटमेंट पुढे गेली. खोटं बोललो असं वाटत नाही. एवढ्या मोठ्या डॉक्टर, कुठल्या ना कुठल्या परिषदेला जातच असतील.

भाषण लिहायला घेतलं: ‘कचरा हा बाहेर नसतो, तो माणसाच्या सवयीत असतो.’ वाक्य जबरदस्त आहे. पेन ठेवून तीन वेळा उठावं लागलं, त्यामुळे पुढे सरकलं नाही.

१९ जुलै

संडासात लाल दिसलं. घाबरलो नाही. काल बीट खाल्लं होतं.

दुपारी

काल बीट खाल्लं नव्हतं.

२० जुलै

कोणाला सांगितलं नाही. सांगायचं कुणाला? यामिनी टेबलाच्या त्या टोकाला.

पोटात मुरड येते. पाय कापसाचे झालेत. संध्याकाळी समितीची बैठक आहे, तिथे ताजंतवानं दिसायला हवं. गालाला थोडी अनुष्काची क्रीम लावणार आहे.

२२ जुलै, हॉस्पिटलमध्ये

बैठक देवेंद्रच्या हॉलमध्ये होती. मी उभा राहून कचरा मुळातच वेगळा करण्यावर बोलत होतो. ‘प्रत्येकाने आपला कचरा आपल्या जागी’ इथपर्यंत आलो आणि जागा शोधत धावलो. देवेंद्रचं बाथरूम आतल्या बाजूला आहे. मधे त्याच्या सासूबाई जप करत होत्या. त्यांना ओलांडून गेलो.

परत येताना भिंत तिरकी दिसली. पुढचं आठवतं ते सोफ्यावरून. सगळी समिती माझ्याभोवती वाकलेली, आणि देवेंद्र फोनवर ओरडत होता, भाभीजी, जल्दी आओ.

यामिनी तशीच धावत आली, पायात एक चप्पल तिची आणि एक अनुष्काची. मी म्हणालो, अंतर ठेव. तिने माझ्या काखेत हात घालून मला उठवलं, गाडीत बसवलं, बेल्ट लावला. पलासियाच्या ट्रॅफिकमध्ये तिने जी गाडी हाकली, तशी मी घोडदळाबद्दलसुद्धा ऐकलेली नाही.

क्रिएटिनिन २.६.

तो आकडा ऐकून ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, एक पॉइंट दोन होतं. मग परत म्हणाली, एक पॉइंट दोन होतं हो. गणिताची बाई आहे. मला पहिल्यांदा भीती वाटली.

२३ जुलै

डॉ. मधुरिमा परिषदेला गेलेल्या नव्हत्या. हे यामिनीसमोरच निघालं. यामिनी सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिली.

उद्या नळी घालून आतडं आतून बघणार. त्यासाठी आतडं आज पूर्ण रिकामं करायचं आहे. नर्सने एक जग भरून औषध दिलं आणि म्हणाली, अंकल, थोडा-थोडा करके पूरा पी जाना. मी म्हणालो, बेटा, हे काम मी तीन आठवडे फुकट करतोय.

हसली नाही. इथे कोणालाच विनोदाची जाण नाही.

२४ जुलै

तपासणी झाली. आतड्यात जखमा आहेत. तुकडा काढून पाठवला.

डॉक्टर म्हणाल्या, किडनी शरीर नाकारतंय का, तेही बघावं लागेल. नाकारतंय! माझं शरीर, यामिनीची किडनी! असं झालं तर मी तोंड कुठे दाखवू? रात्रभर कुशीवर हात ठेवून पडलो होतो. जिथे किडनी बसवली आहे ती जागा जरा फुगीर लागते. तिच्याशी दोन शब्द बोललो. शेजारच्या पेशंटने कूस बदलली, म्हणून थांबलो.

२७ जुलै

रिपोर्ट आला. किडनी नाकारलेली नाही. आतड्यात सीएमव्ही आहे.

मी लगेच म्हणालो, बघा डॉक्टर, मला संशय होताच, मी यामिनीला दहा तारखेपासून वेगळं ठेवलं आहे. डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाल्या, कशाला? मी सगळी व्यवस्था सांगितली, स्टिकरसकट. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, गुलाबी गोळी घेताय ना रोज?

आता लपवण्यात अर्थ नव्हता. फायलींची अदलाबदल मीच लक्षात आणून दिली. तुम्हाला ओशाळं वाटू नये म्हणून बोललो नाही, हेही सांगितलं. गोळ्या इकडेतिकडे न फेकता घरगुती घातक कचऱ्यात नीट टाकल्या, हे तर आवर्जून सांगितलं.

डॉ. मधुरिमांनी फाईल मिटली. मग खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. विषाणू बाहेरून आलाच नाही, मालोजीजी. तो यामिनीजींच्या अंगात झोपलेला होता, त्यांना त्याचा काही त्रास नव्हता आणि कधी होणारही नव्हता. किडनीबरोबर तो जानेवारीतच तुमच्यात आला. तुमच्या शरीराने त्याला आधी कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे त्याला रोखायचं कसं ते तुमच्या शरीराला माहीत नाही. वर किडनी टिकावी म्हणून आम्ही तुमची प्रतिकारशक्ती कमी केलेली. दाता पॉझिटिव्ह आणि घेणारा निगेटिव्ह, यात सगळ्यात जास्त धोका घेणाऱ्याला. म्हणून गोळी तुम्हाला. त्यांना नाही. निगेटिव्ह होतात म्हणूनच, हो, म्हणूनच.

मग म्हणाल्या, हे मी तुम्हाला वीस मेला सांगितलं होतं.

मी म्हणालो, त्या वेळी ट्रॅफिकचा आवाज होता. त्यांची केबिन सहाव्या मजल्यावर आहे.

यामिनी दारात उभी होती. कधीपासून ते माहीत नाही.

२८ जुलै

शिरेतून औषध सुरू. काही आठवडे चालेल. बाकीच्या गोळ्या कमी-जास्त केल्या.

यामिनीला काय सांगायचं याचा विचार करतोय. मुद्दे काढले. पहिला मुद्दा असा, की विषाणू तिचा असला तरी मी तिला दोष देत नाही.

दुपारी

पहिला मुद्दा सांगितला. ती संत्रं सोलत होती. सोललेलं संत्रं तिने स्वतः खाल्लं. सगळं.

बाकीचे मुद्दे सांगितले नाहीत.

५ ऑगस्ट

पोट थांबलं. ताप नाही. भूक लागते. यामिनी शाळा सुटली की येते, डबा ठेवते, बाकावर बसून पेपर तपासते. मी विचारलं, मुलं कशी आहेत या वर्षी? ती म्हणाली, एक-दोन आहेत, ज्यांना प्रश्न वाचायच्या आधीच उत्तर माहीत असतं. पुढे लाल पेनाने काहीतरी जोरात खोडलं.

देवेंद्र आला होता. मास्क लावून दाराबाहेर उभा राहिला, आत आला नाही. म्हणाला, भिया, झंडे की फिकर मत करो. मी फिकर करत होतो हे त्याला कसं कळलं?

१३ ऑगस्ट

घरी सोडलं. आल्याआल्या सगळे लाल स्टिकर खरवडून काढले. एक पेल्याला चिकटून राहिला, त्याला तेल लावून, नखाने घासून काढलं. यामिनीचं अंथरूण उचलून आपल्या खोलीत आणलं आणि चादर घातली.

ती आली, बघितलं आणि म्हणाली, राहू दे, तिथे पंखा चांगला आहे.

पंखे दोन्ही एकाच कंपनीचे आहेत. मीच आणलेत.

कमलबाईंना फोन केला. माफी मागितली. त्या म्हणाल्या, भाभीजी बोलेगी तो आऊँगी.

१५ ऑगस्ट

गर्दीत जायला मनाई. खिडकीतून पाहिलं. देवेंद्रने माइकवर सांगितलं, अपने मालोजी भिया की तबियत के लिए सब लोग ताली बजाओ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खिडकीतून हात हलवला, पण तोवर त्यांनी पाठ फिरवली होती. मग झेंडा चढवायला त्याने यामिनीला पुढे बोलावलं. ती नको नको म्हणत होती. गेली. दोरी ओढताना उजवाच हात वर नेला, डावा कुशीवर ठेवला. तिची ती बाजू अजून दुखते हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नाही.

भाषण खिशात होतं. वाचून पाहिलं. मला ते आवडलं नाही.

१८ ऑगस्ट

डॉक्टरांकडे. क्रिएटिनिन १.८.

मी म्हणालो, छान, खाली येतंय, पुढच्या महिन्यात एक पॉइंट दोनवर येईल. डॉक्टर म्हणाल्या, एवढ्यावरच थांबेल असं वाटतं, मालोजीजी. यामिनीने विचारलं, म्हणजे किती गेली? डॉक्टर म्हणाल्या, जेवढी गेली ती परत येत नाही. उरलेली नीट सांभाळली तर खूप वर्षं चालेल.

खाली गाडीत बसलो. पलासियाच्या सिग्नलला थांबलो तेव्हा यामिनी रडली. आवाज न करता. मी तिला कधी असं रडताना पाहिलं नव्हतं, ऑपरेशनच्या वेळीही नाही. पणजोबा, रक्त, समिती, यातलं काहीच तिथे उपयोगाचं नव्हतं. मी म्हणालो, यामिनी, चुकलं माझं.

ती म्हणाली, अहो, मी तुम्हाला दिली तेव्हा मला वाटलं होतं, आता आपल्या घरात दोघांना एकेक आहे, पुरेल. आता माझ्याकडे द्यायला दुसरी नाही हो. राहिलेली मला लागते.

सिग्नल हिरवा झाला होता. मागचे हॉर्न वाजवत होते. एक स्कूटरवाला बाजूने जाताना म्हणाला, ओ आंटी, चलो भी. तिने डोळे पुसले आणि गिअर टाकला. मला लाज वाटत होती. अजून वाटते.

१९ ऑगस्ट, सकाळी

यामिनी शाळेत जायच्या आधी गोळ्या घेऊन आली. तळहातावर ठेवल्या. गुलाबी सगळ्यात वर.

समोर उभी राहिली. मी सगळ्या घेतल्या. वर पाणी प्यालो.

ती म्हणाली, तोंड उघडा. उघडलं.

म्हणाली, जीभ वर करा.

केली.